बरडावरची

केवायसीच्या रांगेत उभी होते,
दारव्ह्याच्या बँकेत, मार्च संपता संपता.
कुणाच्या तरी पासबुकाचा धक्का लागून
काउंटरवरच्या कपातलं झाड हललं
आणि एक पान माझ्या अंगठ्याशी येऊन पडलं:
चिंचोक्याएवढं, जाडजूड, आत पाणी भरलेलं.
डोंगरे मॅडम म्हणाल्या, न्या, सक्युलंट आहे,
पानावरून लागतं.
आधारच्या झेरॉक्समध्ये गुंडाळून आणलं.

सासूबाईंना ऐकू आलं ते शकुंतला.
'आपली गाडी होती, तिचंच नाव काय व?'
तेव्हापासून घरात तेच चालतं.

पहिलं पान त्यांनीच मारलं, मायेनं.
वावरातली काळीशार माती आणली,
एकदा ओल धरली की पंधरा दिवस न सोडणारी,
जिच्या जोरावर लग्नाच्या बैठकीत
या घरानं माझ्या बापाला विचारलं होतं,
'तुमच्या इकडं काय, सारं बरडच ना?'
बापानं सुपारीचं खांड उगाच गालात फिरवलं होतं.
सकाळी तांब्याभर, संध्याकाळी तांब्याभर.
आठव्या दिवशी पान उकडलेल्या कांद्यासारखं,
बोट लावताच सालीतून निसटलं.

दुसऱ्या खेपेला मॅडमकडून नऊ पानं आणली
आणि नीट विचारून घेतलं.
पान ओढायचं नाही,
डावीउजवीकडे हलवत सोडवायचं,
देठाची चकती शाबूत.
मग काही करायचं नाही.
हे सगळ्यात अवघड.
चार दिवस सुपात, सावलीत, पाणी न दाखवता,
तुटल्या जागी खपली धरेस्तोवर.
सासूबाई येता-जाता वाकून बघत,
'तहानलं असन व,' म्हणत
आणि तांब्या पदराआड धरत.

प्रल्हादला फोन केला,
अखाजीला न्यायला येशील तेव्हा
साडी नको, पोतंभर मुरूम आण.
तो हसला.
मग हसायचा थांबला, म्हणाला, कुठला? टेकडीखालचा?

मोटारसायकलच्या टाकीवर पोतं घेऊन आला.
अंगणात ओतलं तसं
चंद्रभागाबाई भिंतीवरून बोलल्या,
'माहेरून लोकं आंबे आणते बाप्पा,
तू दगडं आणले?'
तांबूस, खरबरीत, मुठीत धरलं तर गळणारं.
पाणी घातलं तर थांबवून घेत नाही,
वाट देतं.
शाळेतून येताना चपलेत शिरायचा, तोच.
त्यात रेती चाळून घातली, फुटक्या कवेलूंचा चुरा,
आणि बंद पडलेल्या रुळाकडून ओटीभर बारीक खडी.
शकुंतलेची खडी शकुंतलेला.

शेहेचाळीस अंश.
कुलरच्या आडोशाला परात,
परातीत नऊ पानं, पुरलेली नाहीत, नुसती निजवलेली.
बावीस दिवस काही नाही.
मी एकदा एक उचलून पाहिलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा पाहिलं.
ते मेलं.
दोन मुंग्यांनी नेली.

तेविसाव्या दिवशी एकाच्या चकतीतून
गुलाबी दोरा निघाला,
शिवणमशीनच्या दोऱ्याहून बारीक,
मातीकडं वळून चाचपडणारा.
मग तिथंच तिळाएवढं हिरवं.
मग ज्वारीएवढं.
जुनं पान सुरकुतत गेलं, खालून वर,
आतलं पाणी पोहोचवत.
काढू नका, मॅडमनी सांगून ठेवलं होतं,
त्याचं झालं की ते आपणच सुटतं.

सहा लागली.
एक सासूबाईंनी ऑइलच्या कापलेल्या डब्यात घालून
भिंतीपलीकडं दिलं.
मी भांडी घासत होते, ऐकू येत होतं:
'काळी माती घालू नोको व, चंद्रभागा.
सडते. बरडावरची लागते तिले.
इची माहेरची हाय.'
माझ्या हातातलं पातेलं
मी जरा जास्तच वेळ घासलं.

रात्री मला म्हणाल्या,
'तुह्या भावाले सांगजो, अजून एक पोतं.'
एवढंच. मग दिवा घालवला.

अजूनही संध्याकाळी तांब्या भरून
त्या परातीपाशी जातात.
वाकतात, मुरमात बोट खुपसून पाहतात,
जरा वेळ तशाच उभ्या राहतात,
आणि ते पाणी
स्वतःच पिऊन टाकतात.